आजोबांच्या ट्रंकेतली एल्मार: बुरशी आहे की आणखी काही?

सई_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझे आजोबा मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये होते. ते जाऊन अठरा वर्षं झाली. परवाच्या पावसात माळ्यावर गळायला लागलं म्हणून त्यांच्या ट्रंका खाली काढल्या. एकीत गणवेश, डांबरगोळ्या, पिवळे पडलेले कागद आणि तळाशी पेपरमिंटचा गोल पत्र्याचा डबा. डब्यात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली ही लेन्स. वरून क्रोम आहे, पण कडा झिजून आतलं पितळ दिसतंय. नळी आत ढकलली की दोन पेढे एकावर एक ठेवल्याएवढीच उरते. बाहेर ओढून जराशी पिळली की घट्ट बसते. बाजूला एक छोटी दांडी आहे, ती एका टोकाला नेली की ‘टक्’ करून अडकते आणि बोंडी दाबल्याशिवाय सुटत नाही. पुढच्या काचेभोवती ‘एर्न्स्ट लाइट्झ वेट्झलार’, ‘एल्मार’ आणि ‘5 सेंमी, 1:3,5’ असं कोरलंय. दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम आहे.

आजी म्हणते, आत्या लहान असताना आजोबांनी हॅम्बुर्गहून एक वापरलेला कॅमेरा आणला होता आणि त्याच्यासोबत दोन लेन्स होत्या. पुढे आत्याच्या लग्नात पैसे कमी पडले तेव्हा कॅमेरा आणि मोठी लेन्स एका स्टुडिओवाल्याला विकली. ही छोटी त्याला नको होती.

गेल्या आठवड्यात मुंबईला गेले होते, तेव्हा एका दुकानात दाखवली. त्यांनी मिनिटभर बघून सांगितलं, ‘बुरशी आहे, पॉलिश करावं लागेल, आणि हा रशियन डुप्लिकेट माल आहे.’ लगेच पुढे, ‘ठेवून जा, तीन हजार देतो.’ डुप्लिकेट, त्यात बुरशी, तरी तीन हजार कशाला देतायत ते काही मला कळलं नाही. म्हणून घेऊन परत आले.

माझे प्रश्न: खरी आहे का हे घरी कसं ओळखायचं? काच धुरकट दिसते ती बुरशीच का? पॉलिश करून घेऊ का? आणि माझ्या सोनीच्या मिररलेसवर ही चालेल का?

अवधूत_क

विकू नका!!! फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर लायका (ही लेन्स ज्या कॅमेऱ्याची, तो) आणि 50 च्या लेन्सवर फोटो काढत राहिला. (अशा प्रत्येक धाग्यात कुणीतरी हे नाव घेतोच, आज तो मान माझा.)

बाकी तांत्रिक बाबतीत माझा पास. पाषाणवाले काका येतीलच.

कोल्हापुरी_फ्रेम

ताई, पॉलिशच्या भानगडीत अजिबात पडू नका. माझी चूक सांगतो, तुमची वाचंल.

माझ्याकडं कॅननची जुनी, आट्यानं फिरवून बसवायची 50 मिमी 1:1.8 होती. त्या लेन्सचा एक ठरलेला रोग आहे. छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांच्या मागच्या काचेवर तेलाची वाफ बसते आणि वर्षानुवर्षं बसून राहिली की काचच खाते. मी ती एका दुकानात दिली. नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही. त्यांनी ‘साफ करून देतो’ म्हणून घेतली आणि काच चाकावर धरली. धूर गेला, पण कोटिंग (काचेवरचा चमक कमी करणारा पातळ थर) पण गेलं आणि काचेचा बाक पण बिघडला. आता त्या लेन्सनं कुणाचा पण फोटो काढा, लग्नातल्या व्हिडिओतल्या स्वप्नासारखा येतोय. पेपरवेट म्हणून टेबलावर आहे.

बुरशीला घरगुती उपाय म्हणून माझ्या एका मित्रानं कोल्ड क्रीम सांगितलेलं. काचेला लावायचं, कापसानं पुसायचं. त्याला म्हणं फरक पडला. मी काय केलं नाही.

पाषाणवाले_काका

सई, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी कोल्ड क्रीमचं. त्याने वरवरची जाळी निघते हे खरं, पण ते पूर्ण पुसून काढायला तू जेवढं घासशील तेवढ्यात जुनं कोटिंग जाईल. नको.

आता माझा या लेन्सशी काय संबंध ते सांगतो. मी भूविज्ञानाचा माणूस. पाषाणला राहतो आणि जन्मभर पाषाणच बघितले, म्हणून हे नाव. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचा तुकडा काचपट्टीवर चिकटवायचा आणि घासत घासत 0.03 मिलिमीटर जाडीवर आणायचा. मग पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली तो काळा धोंडा पारदर्शक होतो आणि आतल्या प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या झेब्र्यासारख्या दिसतात. त्या मायक्रोस्कोपच्या नळीत एक बोटभर उपकरण सरकवतात, त्याचं नाव बेरेक कॉम्पेन्सेटर. आत कॅल्साइटची बारीक चकती असते. ती तिरकी करत न्यायची आणि खनिजातून जाताना प्रकाशाचे दोन किरण एकमेकांच्या किती मागे-पुढे पडले ते मोजायचं. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मी हे नाव रोज घ्यायचो, पण बेरेक हा माणूस कोण याचा विचार कधी केला नाही.

तो माक्स बेरेक म्हणजेच तुझ्या लेन्सचा बाप. मूळचा खनिजशास्त्राचा माणूस. लाइट्झ ही वेट्झलारची मायक्रोस्कोप करणारी कंपनी, तिथे तो नोकरीला लागला. त्याच कंपनीत ऑस्कर बार्नाकने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा खिशातला कॅमेरा केला आणि त्याला डोळा दिला बेरेकने. 1925 साली लाइपझिगच्या मेळ्यात लायका लोकांसमोर आली. सुरुवातीच्या भिंगात पाच काचा होत्या, मागच्या तीन एकमेकींना चिकटवलेल्या. त्याला एल्मॅक्स म्हणायचे: एर्न्स्ट लाइट्झमधलं ‘एल’ आणि माक्सचं ‘मॅक्स’. लवकरच मागच्या तीन काचांचं काम दोनांत भागलं आणि चार काचांची एल्मार झाली. बेरेकने पुढच्या एका लेन्सला आपल्या कुत्र्याचं नाव दिलं, हेक्टर. असला माणूस मला आवडतो.

आता खरी-खोटीचं. दुकानदार अगदीच हवेत बोलला नाही. सोव्हिएत युनियनमध्ये खारकिव्हला 1934 पासून ‘फेड’ नावाने लायकाची नक्कल निघायची, अनाथ पोरांच्या एका कम्यूनमध्ये. फेड ही सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक द्झेर्झिन्स्की याच्या नावाची आद्याक्षरं. युद्धानंतर 1948 पासून क्रास्नोगोर्स्कला झोर्की निघाली, तिच्यावर इंडुस्टार-22 ही लेन्स असायची, दिसायला हुबेहूब तुझ्यासारखी. नंतरच्या काळात लोकांनी त्यांवर लाइट्झचं नाव कोरून विकल्या. त्यामुळे कोरलेल्या अक्षरांवर जाऊ नकोस, पाती कुठे आहेत ते बघ.

दोन्ही लेन्समध्ये चार काचा आणि तीन गट. पण रशियन लेन्स म्हणजे सरळ सरळ टेसार, झाइस कंपनीची जुनी रचना. तिच्यात छिद्राची पाती दुसऱ्या काचेच्या मागे असतात. बेरेकने ती पहिल्या काचेच्या लगेच मागे ठेवली. पुढच्या कडेवर एक नखाएवढी खुंटी असेल. तिने छिद्र अगदी बारीक कर आणि समोरून, जरा तिरकं बघ. पाती पहिल्या काचेला जवळजवळ चिकटून दिसली तर एल्मार. मध्ये आणखी एक काच असून पाती खोल दिसली तर रशियन. नाव खोटं कोरता येतं, पाती हलवायची तर पूर्ण लेन्सच नवी करावी लागेल. आणि रशियन निघाली तरी फेकू नकोस. ती काही वाईट लेन्स नसते.

दुसरं, त्या खुंटीजवळचे आकडे वाच. 3.5, 4.5, 6.3, 9, 12.5, 18 असे असतील तर जुनी मोजणी. माझ्याकडेही एक एल्मार आहे, ती तशी आहे. 4, 5.6, 8, 11 असे आपल्या ओळखीचे आकडे असतील तर युद्धानंतरची, म्हणजे कोटिंग असणार. उजेडात तिरकी धरलीस की काचेवर निळसर झाक दिसेल. कोटिंग नसलेल्या माझ्या लेन्समध्ये हवा आणि काच सहा वेळा भेटतात आणि दर भेटीत शेकडा चारच्या आसपास प्रकाश उलटा फिरतो. सहा वेळांचा हिशेब केलास तर पाचवा हिस्सा वाटेतच गळाला. गळाला याचं दुःख नाही, शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं. पण त्यातला काही आत इकडून तिकडे आपटत फिल्मवर पोचतो आणि सावल्यांवर साय धरते.

तिसरं, धुरकटपणा. रात्री दिवे घालव. लेन्सचं छिद्र पूर्ण उघड आणि मागून टॉर्च तिरका मार. टॉर्चकडे थेट बघायचं नाही, उजेड काचेवरून सरपटत गेला पाहिजे. तीन गोष्टी दिसू शकतात:

बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले तंतू, बहुधा कडेकडून आत आलेले. वाफ किंवा तेल असेल तर आरशावर श्वास सोडल्यासारखं सगळीकडे सारखं. आणि पुसण्याचे ओरखडे असतील तर केसाहून बारीक रेघा, गोल गोल, पुढच्या काचेवर. चौथीही एक शक्यता आहे. मागच्या दोन काचा ज्याने चिकटवल्यात ते कॅनडा बाल्सम सुटलं असेल तर कडेला इंद्रधनुष्य दिसतं. हे तेच बाल्सम, ज्याने मी दगड काचपट्टीवर चिकटवायचो. एका झाडाचा डिंक, वक्रीभवनांक 1.54 च्या आसपास, जवळपास काचेइतकाच. म्हणून तो मध्ये असूनही दिसत नाही. सुटला की मात्र दिसतो.

काय दिसलं ते इथे लिही. आणि काहीही झालं तरी स्वतः उघडू नकोस. यावर बोलायचा मला पूर्ण हक्क आहे. माझी एल्मार मी 1981 साली मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात घेतली, बुधवारी, बंद पडलेल्या शटरच्या लायकासकट, गंजलेल्या पान्यांच्या ढिगाशेजारून. घरी आणली आणि त्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर खोलली. दांडीचा आटा सोडताना तो कुठल्या जागी सुटला याची खूण करायची असते, हे मला माहीत नव्हतं. त्या आट्याला अनेक तोंडं असतात, कुठल्याही तोंडातून आत जातो, पण बरोबर एकच. मी घातला तो चुकीचा. लेन्सच्या मागे योग्य अंतरावर ट्रेसिंग पेपर धरून गच्चीवरून सिंहगडावर रोखली, तर अनंतावर ठेवूनही सिंहगड लोण्यासारखा. पुन्हा खोलली. या वेळी छिद्राची पाती सुटली आणि टेबलावरच्या पोह्यांत पडली. ‘ही’ अजून पोहे वाढताना विचारते, यात लोखंड नाही ना?

शेवटी एका घड्याळजीने बसवून दिली. त्याने आयुष्यात लेन्स बघितली नव्हती, पण खूण केल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, एवढं त्याला माहीत होतं.

लानकाठी

काकांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी जर्मनीत गीसेनला असतो, वेट्झलार इथून ट्रेनने पंधरा मिनिटांच्या आत. मधल्या काळात लायकाचा कारखाना शेजारच्या झोल्म्सला गेला होता, 2014 मध्ये परत वेट्झलारला आला. पण मला गावातला आयझेनमार्क्ट, म्हणजे लोखंडबाजार, जास्त आवडतो. लाकडी चौकटींची जुनी घरं, चढाचा चौक. बार्नाकने 1914 मध्ये आपल्या पहिल्या नमुन्याच्या कॅमेऱ्याने तिथे फोटो काढला आणि तो जिथे उभा होता ती जागा आता जमिनीवर दाखवलेली आहे. लोक तिथे उभे राहून मोबाइलने तोच फोटो काढतात. मीही काढला. मध्ये एक डिलिव्हरीची व्हॅन आली, तिला काही इलाज नाही.

सई, सोनीसाठी: मागे 39 मिलिमीटरचे आटे असतील तर ‘एल39 ते ई-माउंट’ असा अडॅप्टर घे, साधा चालतो, आत काच-बिच काही नसते. कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘लेन्स नसताना शटर’ हे चालू कर, नाहीतर बटण दाबूनही काही होणार नाही आणि तुला वाटेल लेन्सच मेली.

आणि एक महत्त्वाचं. लेन्स कॅमेऱ्यावर असताना नळी आत ढकलू नकोस. ती मागच्या बाजूने कॅमेऱ्यात घुसते. जुन्या लायकात तिच्यासाठी जागा होती, तुझ्याकडे तिथे शटर आणि सेन्सर आहे. आधी लेन्स काढ, मग मिटव.

सई_रत्नागिरी

काका, लानकाठी, कोल्हापुरी, सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री लाइट गेलीच होती, त्यामुळे अंधार आयता मिळाला.

पाती पहिल्या काचेला अगदी लागून आहेत! नख लावलं तर लागेल असं वाटतं. म्हणजे खरी ना? आकडे 3.5, 4, 5.6, 8, 11, 16 असे आहेत. काच तिरकी धरली की फिकट निळी-जांभळी दिसते. मागे पट्टीने मोजलं, 39 भरतं.

टॉर्चमध्ये मात्र वेगळंच निघालं. तंतू आहेत, पण एकाच कडेला, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, आतल्या बाजूने. बाकी सगळी धुरकट दिसते ती पुढची काच, आणि त्यावर काका म्हणतात तशा रेघा. शेकड्यांनी. सगळ्या गोल गोल, एकाच दिशेने, जणू कुणी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणाहून पुसायला सुरुवात केलीय.

आजीला दाखवलं. तिला रेघा दिसल्या नाहीत (मोतिबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय), पण मी ‘पुसल्याच्या खुणा’ म्हटल्यावर हसायलाच लागली. म्हणाली, ‘डेकवर खारं बसतं म्हणून दर चार दिवसांनी सदऱ्याच्या टोकाने पुसायचे. घरी आले तरी पुसायचे, इथे कुठलं आलंय खारं? मी म्हणायची, अहो, फोटो कमी नि पुसणंच जास्त.’

मग मी लेन्स डाव्या हातात धरली आणि उजव्याने पुसल्याची नक्कल केली. रेघांची दिशा जुळेना. हात बदलले तर जुळली. आजोबा डावखुरे होते.

आता या रेघांचं काय करायचं?

पाषाणवाले_काका

खरी. शंकाच नको. पेपरमिंटच्या डब्यातली पण खरी.

रेघांचं कारण सांगतो. त्या काळची कोटिंग आजच्यासारखी टणक नव्हती, आणि समुद्रावरचं मीठ सुकलं की त्याचे खडे होतात. सदऱ्याचं टोक म्हणजे मग पॉलिश पेपरच. आपण दगड घासायला कार्बोरंडमची पूड घ्यायचो, तुझ्या आजोबांनी अरबी समुद्र घेतला.

काहीही करू नकोस. या रेघांनी तीक्ष्णपणा फारसा जात नाही, फोटोत त्या दिसतही नाहीत. फक्त उजेड समोरून किंवा तिरका काचेवर पडला की प्रत्येक रेघ थोडा उजेड विखुरते आणि कॉन्ट्रास्ट उतरतो. पॉलिश केलंस तर रेघा जातील आणि त्यांच्यासोबत काचेचा आकारही. कोल्हापुरींचं पेपरवेट आठव. तेव्हा काचेला हात लावायचा नाही, काचेवर सावली करायची. 36 मिलिमीटरला वरून बसणारा, स्क्रूने आवळायचा हूड मिळतो, लाइट्झचा जुना किंवा हल्लीचा नकली, कुठलाही घे. एक गैरसोय: हूड बसला की छिद्राची खुंटी आत झाकली जाते. आधी आकडा ठरवायचा, मग हूड. बदलायचा झाला तर पुन्हा काढायचा. मला याची इतकी सवय झालीय की मी बाहेर पडताना 8 लावतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. 8 वर दहा मीटरला ठेवलंस की साधारण पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं स्वच्छ येतं. बंदरावर तेवढं पुष्कळ.

बुरशी मात्र काढून घे, ती थोडी असतानाच. तिचा अॅसिड काचेत खड्डा पाडतो, मग कुणी काही करू शकत नाही. चांगला माणूस पुढचा गट खोलेल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समभाग घेऊन बोळ्याने टिपेल, दहा मिनिटांत परत बसवेल. देताना दोन वाक्यं बजावून सांग: पुढची काच पुसायची नाही, आणि पॉलिशचं चाक चालू करायचं नाही. तो हसला तर हसू दे.

आणि तो डबा, ते फ्लॅनेल, आणि मिळालीच असेल तर चामड्याची पिशवी, तिन्ही वेगळे ठेव. कोकणातल्या पावसात चामडं म्हणजे बुरशीचं माहेर. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, पिशव्या महिन्याला गरम करून सुकवायच्या. दहा-पंधरा दिवसांनी लेन्स बाहेर काढून वापरायची. कपाटातली लेन्स आधी जाते, गळ्यातली नंतर.

कोल्हापुरी_फ्रेम

डावखुरे होते हे लेन्सवरनं शोधून काढलं! ताई, तुम्ही पोलिसात पाहिजे होता.

सई_रत्नागिरी

उशिरा लिहितेय, अडॅप्टर यायलाच तीन आठवडे लागले.

बुरशी काढली. ओळखीच्या एका रिपेअरवाल्यांनी माझ्यासमोर केली, मी टेबलाच्या पलीकडे बसून होते, त्यांना ते अजिबात आवडलं नाही. पुढची काच पुसायची नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे तसंच बघितलं जसं काका म्हणाले होते.

पहिल्यांदा मिरकरवाडा जेट्टीवर नेली, पाऊस उघडलेला, संध्याकाळी साडेपाचला. हूड नव्हता. ऊन पाठीशी असताना इतका स्वच्छ फोटो आला की मला वाटलं कॅमेऱ्याने काहीतरी लबाडी केली. नाखव्याच्या हातावरची जाळ्याची गाठ, एकेक पीळ दिसतोय. मग वळून सूर्याकडे तोंड केलं आणि होड्या, पाणी, बर्फाची गाडी, सगळं दुधात. छत्री उघडून लेन्सवर सावली धरली तर निम्मं दूध गेलं. जेट्टीवरच्या बायका ऊन पडल्यावर छत्री उघडणाऱ्या मुलीकडे बघत होत्या.

घरी आजीचा काढायचा होता. ती खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती, पण या लेन्सचा फोकस एक मीटरच्या अलीकडे येतच नाही, आणि मला तिचे हात हवे होते.

पाषाणवाले_काका

त्याला युक्ती आहे. तुझ्याकडे स्क्रीनवर बघून फोकस होतो ना, मग रेंजफाइंडरची (जुन्या कॅमेऱ्यातल्या अंतर जुळवायच्या यंत्रणेची) चिंता नाही. दांडी एक मीटरवर ठेव आणि पूर्ण लेन्स अडॅप्टरमधून एक वेढा उलटी फिरव. एका इंचात 26 आटे आहेत, म्हणजे एका वेढ्याला लेन्स जवळजवळ एक मिलिमीटर पुढे येते. तेवढ्याने तू ऐंशी सेंटीमीटरच्या आसपास पोचशील. (जर्मन कंपनी आणि आटे इंचात, हे मला आधी विचित्र वाटायचं. पण मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हचे आटेही इंचातच असतात, एका इंचाला 36. घरातली जुनी सवय असणार.)

एकच वेढा. हाव करून तीन दिलेस तर लेन्स तांदळात.

सई_रत्नागिरी

एकच दिला. मिळाला!

3.5 वरच ठेवला, खिडकीचा उजेड डावीकडून. तांदूळ आणि बोटं धारदार आहेत, ताटाची लांबची कड विरघळल्यासारखी, आणि पांढऱ्या पातळावर जिथे ऊन पडलंय तिथे बारीकशी प्रभा आलीय. रेघांमुळेच असणार. मी एडिट करून ती काढायला गेले आणि मग तशीच ठेवली.

आजीने फोटो बघून एवढंच म्हटलं की तांदळात खडे बरेच दिसतायत, दुकान बदलायला हवं.

लानकाठी

फोटो टाक की इथे. आणि हूड सापडत नसेल तर सांग, इथल्या जुन्या बाजारात पुढच्या शनिवारी बघतो.

पाषाणवाले_काका

हूड मिळेपर्यंत छत्री चालू दे.

सई, पुण्याला येणं झालं तर लेन्स घेऊन ये. माझ्या त्या जुन्या बाजारातल्या लायकाचं शटर आता चालतं, सेकंदाच्या एका विसाव्यापर्यंत तरी नक्की. तुझी एल्मार तिच्यावर लावू आणि एक रोल काढू. तिच्यावर नळी बिनधास्त आत ढकलता येते. या कॅमेऱ्यात रोल खालून भरतात आणि त्याचं टोक आधी दहा सेंटीमीटर निमुळतं कापावं लागतं, नाहीतर फिल्म आत फाटते. ते मी आदल्या रात्री कापून ठेवतो. फक्त येण्याआधी फोन कर, म्हणजे ‘ही’ त्या दिवशी पोहे करणार नाही.